चरित्र अभिनेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी : थॉमस मिचेल यांचे उदाहरण

हॉलिवूडच्या स्टुडिओ-काळातील एखाद्या नायकाची कारकीर्द समजून घेणे तुलनेने सोपे असते. त्याचे पाच-सात गाजलेले चित्रपट पाहिले आणि एखादे बरे चरित्र वाचले की काम भागते. चरित्र अभिनेत्याच्या बाबतीत ही रीत पुरत नाही, कारण त्याच्या वाट्याला एकेका चित्रपटात मोजकीच मिनिटे येतात आणि त्याचे कसब उमगते ते अनेक चित्रपटांतील अशी मिनिटे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावरच. हे काम कसे करावे, ते अमेरिकन चरित्र अभिनेते थॉमस मिचेल यांच्या आधारे पुढे मांडले आहे.

सुरुवात जन्मतारखेपासून करू नये. अभिनेत्याच्या भरभराटीचे एक वर्ष निवडावे आणि त्या वर्षातील त्याचे सगळे चित्रपट एका वहीत मांडावेत. मिचेल यांच्यासाठी ते वर्ष १९३९ हेच असू शकते. त्या एका वर्षात ‘स्टेजकोच’, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ अशा पाच चित्रपटांत ते दिसले. चित्रपटाच्या नावासमोर दिग्दर्शक, निर्मिती करणारी कंपनी, भूमिकेचा व्यवसाय आणि कथेतील तिची गरज असे रकाने आखावेत. कंपनीचा रकाना अनेकजण गाळतात, पण तोच सर्वांत बोलका ठरतो. मिचेल यांच्या वहीत कोलंबिया स्टुडिओ दोनदा येतो, आरकेओ स्टुडिओ एकदा, निर्माते सेल्झनिक यांची कंपनी एकदा आणि वॉल्टर वेंगर यांची निर्मिती एकदा. जॉन फोर्ड, हॉवर्ड हॉक्स आणि फ्रँक कॅप्रा हे तीन अगदी निरनिराळ्या वळणाचे दिग्दर्शक एकाच वर्षी एकाच माणसाला बोलावतात, यावरून त्याच्यावर केवढी भिस्त होती ते कळते.

त्यानंतर प्रत्येक चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा कथेसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त या एका माणसासाठी. शक्य असल्यास काही प्रसंग आवाज बंद करून पाहावेत. नायक बोलत असताना हा माणूस काय करतो, हातात काय धरतो, कोणाकडे पाहतो, याची नोंद करावी. चरित्र अभिनेत्याचे निम्मे काम ऐकण्याचे असते आणि चित्रपट एकदाच पाहिला तर ते हमखास नजरेतून सुटते.

आता खरी कसोटी येते ती ठराविक साच्याच्या भूमिकांची. स्टुडिओंना वेळ वाचवायचा असे, म्हणून एकदा जमलेली भूमिका ते त्याच नटाला पुन्हा पुन्हा देत. मिचेल यांच्याकडे अशा रीतीने दारुडी माणसे आली. ‘स्टेजकोच’मधील डॉक्टर बून, ‘मिस्टर स्मिथ’मधील वार्ताहर डिझ मूर, ‘द लाँग व्हॉयेज होम’मधील (१९४०) खलाशी ड्रिस्कॉल आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधील (१९४६) अंकल बिली हे चौघेही पिणारे. साचा एकच आहे म्हणून इथे थांबू नये. साच्याच्या आत चौघांत फरक कुठे केला आहे, ते शोधावे.

डॉक्टर बून हा गावातून हाकलला गेलेला, तरीही ऐट न सोडणारा माणूस आहे. घोडागाडीत तो दारूच्या फिरत्या विक्रेत्याशेजारी जागा पटकावतो आणि आपुलकी दाखवत त्याच्या नमुन्याच्या बाटल्या रिकाम्या करतो. वाटेतल्या ठाण्यावर बाळंतपणाची वेळ येताच तो काळी कॉफी मागवून कपामागून कप पितो आणि नशा उतरवतो. शेवटी लॉर्ड्सबर्गच्या दारूच्या गुत्त्यात तो खलनायक ल्यूक प्लमरकडे बंदूक मागतो, तो प्रसंग तर थांबवून थांबवून पाहावा. तिथे डॉक्टर आवाज चढवत नाही. बंदूक टेबलावर सोडून ल्यूक निघून गेल्यावरच त्याला स्वतःच्या धाडसाची धास्ती वाटते आणि तो पेल्याकडे वळतो. भीती धैर्यानंतर दाखवणे ही मिचेल यांची खुबी, आणि माझ्या मते या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा ऑस्कर मिळवून देणारी बाबही हीच असावी. (सहायक अभिनेत्यांना त्या काळी मूर्ती मिळत नसे, फलक मिळत असे; दुय्यम भूमिकांकडे पाहण्याचा उद्योगाचा दृष्टिकोन त्यात पुरेसा उघड होतो.)

अंकल बिलीचे पिणे मात्र विसराळूपणाला चिकटलेले आहे. आठवण राहावी म्हणून त्याने बोटांना दोरे बांधले आहेत. बँकेत आठ हजार डॉलर भरायला गेलेला हा माणूस पुतण्याच्या पराक्रमाची बातमी पॉटर या धनाढ्य खलनायकाला दाखवण्याच्या भरात पैशांचे पाकीट त्याच वर्तमानपत्राच्या घडीत देऊन टाकतो. हा प्रसंग हातांकडे लक्ष ठेवून पाहावा. बढाई आणि चूक एकाच हालचालीत घडतात आणि चित्रपटाचे पुढचे सगळे संकट त्या हालचालीवर उभे राहते.

साचा कळल्यावर साच्याबाहेरच्या भूमिका घ्याव्यात. ‘ओन्ली एंजल्स’मधील किड हा दृष्टी मंदावत चाललेला वैमानिक आहे, त्याला उड्डाण थांबवायला सांगितले जाते तेव्हा मिचेल रडत नाहीत की चिडत नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या मृत्यूचा प्रसंग जड जातो. ‘गॉन विथ द विंड’मधील जेराल्ड ओहारा तर एकाच चित्रपटातील दोन माणसे वाटावीत असा आहे : आधी घोड्यावरून कुंपण ओलांडणारा, जमिनीचा अभिमान सांगणारा जमीनदार आणि युद्धानंतर भान हरपलेला म्हातारा.

एवढे पाहून झाल्यावर मागचे आयुष्य वाचावे, म्हणजे माहिती कोरडी राहत नाही. मिचेल यांचा जन्म ११ जुलै १८९२ रोजी न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथे आयरिश स्थलांतरित कुटुंबात झाला. तारुण्यात ते वार्ताहर होते; डिझ मूरचा बेफिकीर सराईतपणा पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ते चार्ल्स कोबर्न यांच्या शेक्सपिअर मंडळीबरोबर फिरले, ब्रॉडवेवर अभिनेता आणि दिग्दर्शक म्हणून काम केले आणि नाटकेही लिहिली. फ्लॉइड डेल यांच्यासह लिहिलेले ‘लिटल अ‍ॅक्सिडेंट’ १९२८ साली रंगमंचावर आले. चित्रपटांत ते नियमितपणे दिसू लागले १९३६च्या सुमारास, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी ‘द हरिकेन’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. उशिरा आलेल्या यशामागे वीस-बावीस वर्षांची रंगभूमीची तालीम होती, ही कालगणना वहीत अवश्य मांडावी.

साधनांविषयी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची चित्रपटसूची आणि ब्रॉडवेची ऑनलाइन नोंदवही यांवरून तारखा आणि भूमिका ताडून घ्याव्यात. त्या काळातील चित्रपट-व्यवसायाची नियतकालिके व चाहत्यांची मासिके ‘मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररी’वर मोफत वाचता येतात. मासिकांतील मुलाखती मात्र जपून वापराव्यात, कारण त्यांतील बराच मजकूर स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागातून येत असे. अंकल बिली झिंगत बाहेर पडताच पडद्याबाहेर डबे कोसळतात आणि तो ‘मी ठीक आहे’ असे ओरडतो; हा आवाज चित्रीकरणाच्या वेळी चुकून झाला आणि मिचेल यांनी प्रसंगावधान राखून तो सांभाळला, अशी हकिकत सांगितली जाते. अशा हकिकती ‘सांगतात’ म्हणूनच नोंदवाव्यात.

शेवटचा टप्पा वगळू नये, कारण चरित्र अभिनेत्याची उत्तरायुष्यातील कामे बहुधा चित्रपटाबाहेर असतात. १९५३ साली ‘हेझल फ्लॅग’ या संगीतिकेसाठी मिचेल यांना टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला; ऑस्कर, एमी आणि टोनी हे तिन्ही मिळवणारे ते पहिले पुरुष अभिनेते. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’च्या दौऱ्यात त्यांनी नायक विली लोमन रंगवला आणि त्या नाटकाच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आवाज ऐकायला मिळतो. १९६२ साली ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या नाटकात लेफ्टनंट कोलंबो हा पोलीस गुप्तहेर प्रथम रंगमंचावर आणला तो त्यांनीच, १७ डिसेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले आणि सहा वर्षांनी त्याच नाटकावरून टीव्हीसाठी बनलेल्या चित्रपटात ती भूमिका पीटर फॉक यांच्याकडे गेली. नाटकातील हा कोलंबो पाहता येत नाही, तेव्हा १९४६चा ‘द डार्क मिरर’ काढून त्यातील मिचेल यांचा पोलीस अधिकारी आणि फॉक यांचा कोलंबो एकापाठोपाठ पाहावेत.