गिअर ऑइल घरी बदलताय? मग आधी वरचा बोल्ट, खालचा नंतर

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की आमच्या गाडीचा दुसरा गिअर रुसायचा. सकाळी पोरीला शाळेत सोडायला काढली की पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा टाकताना दांडा असा अडायचा की जणू कोणी आतून धरून ठेवलाय, आणि गाडी गरम झाली की एकदम शहाण्यासारखी. तीन हिवाळे मी हे "जुनी झाली आता" म्हणून सोडून दिलं. मग एकदा कागदपत्रं काढून बघितली तर कळलं की 90 हजार किलोमीटर झाले आणि गिअर ऑइल बदलल्याची नोंद एकदाही नाही. इंजिन ऑइल आपण देवाला नैवेद्य दाखवावा तसं वेळेवर बदलतो आणि गिअरबॉक्सकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण त्याचा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही.

आता हे घरी होतं का, तर होतं. पार्किंगमध्ये रविवारी दोन-अडीच तासांत होतं. फक्त क्रम चुकवू नका, नाहीतर माझ्यासारखं होईल, ते सांगतोच पुढे.

आधी एक चेक करून घ्या. गिअर कडक पडतो म्हणजे ऑइलच खराब असं काही नाही. गाडी बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून क्लच पूर्ण दाबून परत टाका. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, तिकडे बघा. दोन्ही वेळेला कडक आणि गरम झाल्यावरही कडक, तर केबल नाहीतर लिंकेजची (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीची) भानगड असू शकते. फक्त थंड असताना कडक आणि नंतर बरं, तिथे ऑइलवर संशय घ्यायला जागा आहे, कारण घट्ट ऑइलमध्ये सिंक्रोनायझर रिंगला गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. आणि रिव्हर्सला कर्रर्र होतं म्हणून ऑइल बदलायला धावू नका, बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग टाका.

ऑइल कुठलं घ्यायचं हा खरा विषय, आणि इथे दुकानदारावर सोडू नका. "गिअर ऑइल द्या" म्हटलं की काउंटरवरून जो डबा येईल तो उचलायचा नाही. गाडीचं मॅन्युअल उघडा, शेवटच्या पानांत ग्रेड आणि किती लिटर ते दोन्ही दिलेलं असतं. बऱ्याच पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना 75डब्ल्यू-80 नाहीतर 75डब्ल्यू-90 जाडीचं आणि जीएल-4 (ऑइल कुठल्या कामाचं ते सांगणारा डब्यावरचा शिक्का) लागतं. जाडीचा पहिला आकडा थंडीतला, तो जितका कमी तितकं ऑइल सकाळी लवकर सैल पडतं, म्हणून 75 च्या जागी 80 वालं घातलं की आपल्याकडच्या जानेवारीत दांडा परत हट्ट करणार. आणि जीएल-5 म्हणजे जीएल-4 पेक्षा एक नंबर भारी असं समजू नका. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो, तो ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलसारख्या जड कामासाठी, आणि त्यातली काही ऑइलं सिंक्रोच्या पितळेला खातात. शिवाय ती जास्त निसरडी, आणि सिंक्रोला काम करायला थोडं घर्षण लागतंच. होंडासारख्या कंपन्या स्वतःचं वेगळं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड, सांगतात, तिथे तेच घाला. एएमटीवाल्यांनो (क्लच-गिअर यंत्रच चालवतं त्या गाड्या), तुमचा गिअरबॉक्स हाताने गिअर टाकायच्या गाडीचाच, पण गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं ऑइल वेगळं असतं, त्याच्या टाकीला हात लावू नका. सीव्हीटी किंवा पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही.

साधारण दोन लिटरच्या आसपास लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडा बघून एक डबा जास्तीचा आणा. सोबत ऑइल सोडायच्या आणि भरायच्या अशा दोन्ही बोल्टची नवीन वायसर. वीस-तीस रुपयांसाठी जुनी वायसर परत लावणारे लोक नंतर महिनाभर पार्किंगची फरशी पुसत बसतात.

हत्यारं फार नाहीत. बोल्टच्या मापाची गोटी (सॉकेट), लांब दांड्याचा पाना, जॅक, गाडी टेकवायला चार भक्कम घोड्या (जॅक स्टँड), जुनं घमेलं किंवा पाच लिटरचा कॅन आडवा कापून, बनियनच्या चिंध्या, हातमोजे आणि ऑइल आत घालायला नळी-नरसाळं. बोल्ट प्रत्येक गाडीत सारखा नसतो, कुठे बाहेरून षटकोनी डोकं, कुठे आत चौकोनी खाच, कुठे एलन की लागते, म्हणून आदल्या दिवशी खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारून बघून घ्या. नळीचं सांगायचं तर मी पहिल्यांदा गावाकडून द्राक्षाच्या बागेतला ठिबकचा उरलेला तुकडा आणला होता, 16 एमएमची लॅटरल, आत धूळमाती होती ती धुऊन वाळवून घेतली आणि वरून बॉनेटमधून सोडली. काम झालं पण ती काळी, ऑइल कुठवर उतरलं ते दिसत नाही. नंतर गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, ती एकदम भारी.

त्याच नळीचा दुसरा उपयोग म्हणजे जागा सपाट आहे का ते बघणं. आपल्या सोसायट्यांची पार्किंग वरून सपाट दिसते पण पाणी जायला उतार दिलेला असतो. नळीत पाणी भरून एक टोक पुढच्या चाकाशी, दुसरं मागच्या चाकाशी धरा, कळतं. हे का, तर गिअरबॉक्समधली पातळी बोल्टच्या भोकावरून ठरते, आणि गाडी तिरकी असेल तर भोक खोटं बोलतं. फक्त पुढून उचलून ऑइल भरणारे इथेच फसतात. एक तर चारही बाजूंनी सारखी उचला, नाहीतर ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प तासभर मागून घ्या. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, घोड्या लावल्याशिवाय नाहीच, यावर चर्चा नाही.

काम सुरू करायच्या आधी गाडी थोडी फिरवून आणा, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत एक चक्कर पुरे. कोमट ऑइल पटकन आणि सगळं बाहेर येतं, तळाला बसलेला गाळही घेऊन येतं. आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण सायलेन्सरचा पाइप शेजारीच असतो आणि कोपराला चटका बसला की आठवडाभर आठवण राहते.

आता खाली गेल्यावर बोल्ट ओळखा. इथे भले भले चुकतात आणि गिअरबॉक्सच्या ऐवजी इंजिनचं ऑइल सोडून देतात. ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीत दोन्ही चाकांचे ॲक्सल शिरतात तो गिअरबॉक्स. त्याला बहुतेक गाड्यांत दोन बोल्ट असतात, तळाला एक ऑइल सोडायचा, आणि बाजूला थोडा वर एक भरायचा, तोच लेव्हलचा. घमेल्यात पातळ आणि डांबरासारखं काळं काही यायला लागलं तर ते इंजिन ऑइल, लगेच बोल्ट लावा, आणि इंजिन ऑइल परत भरेपर्यंत चावीला हात लावू नका.

आणि आता माझी फजिती. दिवस रंगपंचमीचा, सुट्टी म्हणून मी निवडलेला. अर्धं नाशिक रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उड्या मारतंय आणि मी गाडीखाली. खालचा बोल्ट उघडला, ऑइल मस्त धो धो आलं, मी खूश. मग वरचा भरायचा बोल्ट उघडायला गेलो तर तो हलेना. स्वस्तातली बारा कोनांची गोटी, ती घसरली, बोल्टचे कोपरे गोल व्हायला लागले. गिअरबॉक्स रिकामा, गाडी हलवता येत नाही, मेकॅनिक रंगात, हार्डवेअरची दुकानं बंद. तळमजल्यावरचे काका, अंबडला एका कंपनीत फिटर होते, ते पांढरा सदरा वाचवत वाचवत आले आणि म्हणाले, "अरे, भांड्याचं झाकण निघतंय का ते न बघता आधी तळाला भोक पाडलंस होय?" मी म्हटलं, "काका, चुकलं, आता सांगा काय करू." त्यांनी घरून सहा कोनांची गोटी आणली, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने दोन-तीन हलके ठोके दिले, गोटी ठोकून घट्ट बसवली, दांडा एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्याने झटका दिला. टक्क! तो आवाज मला अजून आठवतो. काकूंनी वरून विचारलं, "काय फुटलं?"

तर भरायचा बोल्ट आधी सैल करायचा. तो नाही निघाला तर खालच्याला हातच लावायचा नाही, गाडी जशी आहे तशी चालवत गॅरेजला न्यायची. जाम वाटला तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

वरचा सैल झाला की खालचा. शेवटचे दोन आटे हाताने सोडवायचे, बोल्ट आत दाबून धरत, आणि पूर्ण सुटला की झटकन बाजूला, नाहीतर ऑइल मनगटावरून बगलेपर्यंत जातं. वास येईल. लासलगावकडे पावसात भिजून सडलेल्या कांद्याच्या चाळीजवळून गेला असाल तर ओळखीचा वाटेल, गंधक इथेही आणि तिथेही. हा वास नवीन ऑइललाही असतो, घाबरू नका.

पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या आणि तोवर बोल्ट बघा, यातच मजा आहे. बऱ्याच गाड्यांत खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप दिसेल, बोटांत चोळला की खडे लागत नाहीत, ती नॉर्मल झीज. ऑइलमध्ये उन्हात धरल्यावर बारीक सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोच्या पितळेची, थोडी चालते. पण चुंबकावर नखाएवढा तुकडा, दाताचा टवका, सुईसारख्या काड्या दिसल्या तर नवीन ऑइल घालून समाधान मानू नका, मेकॅनिकला दाखवा. आणि ऑइल जास्त दुधाच्या चहासारखं आलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी अडकली होती का आठवून बघा, गिअरबॉक्सला वर हवा जायला छोटा ब्रीदर असतो, गरम पेटी पाण्यात एकदम थंड झाली की तिथून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग नवीन घालून थोडे दिवस चालवा आणि परत बदला.

किती निघालं ते मापून घ्या. फारच कमी निघालं तर कुठूनतरी गळतंय, ॲक्सलच्या सीलजवळ ओलं आहे का बघा.

चुंबक पुसून, नवीन वायसर घालून खालचा बोल्ट लावा. आधी हाताने, पूर्ण आत जाईपर्यंत हातानेच, मग पाना. पेटी ॲल्युमिनियमची, ताकद दाखवली की आटे गेले म्हणून समजा, आणि ते काम परवडत नाही. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

मग नळी वरच्या भोकात घालून हळूहळू ओता. ऑइल मधासारखं उतरतं, घाई केली की नरसाळ्यातून वर येतं. डब्यावरच्या मापापेक्षा भोकावर विश्वास ठेवा. पुराच्या वेळी आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी की छातीला, यावरून गोदावरीचा अंदाज घेतो ना, तसं हे भोक म्हणजे गिअरबॉक्सचा दुतोंड्या मारुती. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागून बाहेर ओघळायला लागलं की बस. ओघळ थांबून थेंब थेंब झाला की बोल्ट लावा. थोडं जास्त घालू म्हणजे बरं, असं इथे चालत नाही, जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि सील शोधतं.

सगळं पुसून कोरडं करा, गाडी खाली घ्या, चालू करून क्लच दाबून सगळे गिअर एकदा फिरवा, पाच-सात किलोमीटर चालवून आणा आणि परत खाली वाकून दोन्ही बोल्ट बघा. रात्री खाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. माझ्या पुठ्ठ्यावर सकाळी डाग होता आणि माझ्या पोटात गोळा आला, नंतर कळलं तो पेटीच्या फासळ्यांत अडकलेला जुना ओघळ होता. पुसला, दुसरा पुठ्ठा टाकला, कोरडा निघाला.

निघालेलं ऑइल गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा नासर्डीत ओतायचं नाही, ते शेवटी गोदावरीतच जातं. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात धरलं जातं. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत भरा, झाकण लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो तिथे देऊन या, मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड लिहून ठेवा. माझ्या पट्टीवर काकांच्या अक्षरात खाली अजून एक ओळ आहे, "वरचा आधी".