स्प्रे क्लीनरने चाकांवरील ब्रेकची भुकटी काढण्यापूर्वी करावयाची तयारी

रिमवर साचणारा काळपट-तपकिरी थर ही नुसती रस्त्यावरची धूळ नसते. ब्रेक दाबल्यावर पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर घासून झिजतात, त्यातून लोखंडाचे अतिशय बारीक, तापलेले कण उडून रिमवर बसतात, पुढे ओलाव्याने गंजतात आणि वरच्या लॅकरला (रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थराला) असे घट्ट धरतात की साध्या शांपूने कितीही चोळले तरी निघत नाहीत. स्प्रे क्लीनर याच कणांसाठी असतो. त्याचे प्रत्यक्ष काम जेमतेम काही मिनिटांचे असल्यामुळे चाक उजळणार की बिघडणार, हे बाटली हाती घेण्यापूर्वीच्या तयारीवरच ठरते.

पाण्याचा पहिला थेंब पडण्याआधी चारही चाके नीट पाहून घ्यावीत, कारण धुतल्यानंतर ती माहिती हाती लागत नाही. पुढच्या चाकांवर अधिक भुकटी असणे स्वाभाविक आहे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, शिवाय आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असल्याने तिथली भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. मात्र पुढच्या दोन चाकांपैकी एकावरच ठळकपणे जाड थर दिसला, तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता असते. रिमच्या आतल्या बाजूला ओलसर, तेलकट डाग असेल तर ती ब्रेक ऑइलची गळती किंवा ॲक्सलच्या फाटलेल्या रबरी बुटातून उडालेले ग्रीस असू शकते. असे काही आढळल्यास फोटो काढून ठेवावेत, धुणे पुढे ढकलावे आणि गाडी आधी मेकॅनिकला दाखवावी. चाके स्वतः धुण्याचा सर्वांत मोठा लाभ मी हाच मानतो.

त्यानंतर रिम कशाची आहे आणि तिच्यावर कोणता थर आहे, हे निश्चित करावे. रंगवलेली किंवा लॅकर चढवलेली अलॉय रिम सौम्य क्लीनर सहज सोसते. उघड्या, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर आम्लधर्मी आणि तीव्र अल्कधर्मी असे दोन्ही क्लीनर कायमचे पांढुरके डाग पाडू शकतात. शंका असल्यास आतल्या, न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर किंचित मेटल पॉलिश घेऊन चोळावे. फडके काळे पडले तर धातू उघडा आहे, असे समजावे. डायमंड कट (यंत्रावर कापून चकचकीत केलेल्या) रिमच्या कडेला लॅकर उडून खाली पांढरी बुरशीसारखी नक्षी पसरली असेल, तर तिथे क्लीनर मुळीच लावू नये, कारण तो लॅकरखाली शिरून नुकसान वाढवतो. स्टीलच्या चाकांवरील प्लास्टिकचे व्हील कॅप काढून वेगळे धुणे सोयीचे पडते.

क्लीनर निवडताना बाटलीवरचा मजकूर पूर्ण वाचावा. लोखंडाचे कण विरघळवणाऱ्या क्लीनरमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट हे रसायन असते; लोखंडाशी संयोग होताच त्याचा रंग जांभळा-लाल होतो आणि सडक्या अंड्यासारखा उग्र वास येतो, त्यामुळे रंग पाहून घाबरण्याचे कारण नाही. ज्यावर पीएच न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही) असे छापले आहे तोच घ्यावा. शौचालय साफ करण्याचे ॲसिड रिमवर ओतण्याची पद्धत काही वॉशिंग सेंटरांवर अजूनही दिसते. तिच्यामुळे रिमबरोबर नट आणि डिस्कही गंजतात, म्हणून ती कोणीही स्वीकारू नये. दोन रसायने एकमेकांत मिसळणे तर पूर्णपणे टाळावे.

चाके थंड असणे ही अट कधीही सोडू नये. खंबाटकी किंवा आंबोलीसारखा घाट उतरून आल्यावर डिस्क इतकी तापलेली असते की तिच्यावर अचानक गार पाणी पडल्यास ती वाकण्याचा धोका असतो, आणि तापलेल्या रिमवर क्लीनर क्षणात वाळून डाग सोडतो. म्हणून गाडी सावलीत लावून हाताला रिम गार लागेपर्यंत थांबावे. सकाळची वेळ सर्वांत चांगली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या दुपारचे ऊन विशेष लक्षात घ्यावे.

गाडी सपाट जागी उभी करून गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा, कारण ओल्या ड्रमवर हँडब्रेक बराच वेळ ओढून ठेवल्यास तो चिकटू शकतो. सांडपाणी विहिरीकडे, झाडांच्या आळ्यात किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात जाणार नाही अशी जागा निवडावी. या भुकटीत अनेकदा तांबेही असते. ते माशांना घातक असल्याने कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा करून पॅडमधील तांब्याचे प्रमाण 2025 पासून 0.5 टक्क्यावर मर्यादित केले.

हाताशी दोन बादल्या, चाकांसाठीच राखून ठेवलेला स्पंज, मऊ केसांचा ब्रश, नटांच्या खाचांसाठी लहान ब्रश, न्यूट्रल शांपू, जुनी मायक्रोफायबर फडकी, नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हेच फडके पुन्हा बॉडीला लागल्यास लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. कोरडी भुकटी हवेच्या दाबाने उडवू नये, कारण ती श्वासात जाते, पाण्यानेच बसवावी. प्रेशर वॉशर असल्यास त्याचे तोंड टायरच्या व्हॉल्व्हपासून आणि रिमच्या आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांपासून लांब धरावे. एखादे वजन निघाले तर वेगात स्टिअरिंग थरथरू लागते.

एवढे झाल्यावर एकाच चाकाच्या आडोशाच्या कोपऱ्यात क्लीनर लावून पाहावा आणि रंगात फरक पडला नाही तरच पुढे जावे. एका वेळी एकच चाक घ्यावे, बॉडी नंतर धुवावी, क्लीनर वाळू देऊ नये, आणि बाटलीवर दिलेला अवधी संपताच स्पोक्सच्या मागे व कॅलिपरभोवती भरपूर पाणी सोडावे. बोअरचे जड पाणी असेल तर रिम लगेच पुसून घ्यावी. शेवटी गाडी रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा अलगद दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात आणि त्यांच्यावर आलेला हलका तांबूस गंजही घासून निघून जातो.