ऑइलमध्ये कूलंट मिसळलंय का? आधी डिपस्टिक बघा

खंबाटकी घाट चढताना गाडी तापली आणि नंतर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चहाच्या रंगाचा फेस दिसला, की गॅरेजवाला लगेच 'हेड गॅस्केट गेलं' म्हणतो, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ऑइलमध्ये उतरलं. थांबा. पावसाळ्यात सातारा शहरातल्या शहरात दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवणाऱ्यांच्या झाकणाला असा फेस नुसत्या दमटपणानेही येतो. खरी साक्ष डिपस्टिकची, म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायच्या पट्टीची. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर झाकण पुसा, गाडी अर्धा-पाऊण तास हायवेला चालवा, पुन्हा बघा.

डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल असेल, कूलंट कमी होत असेल, तर मात्र इंजिन चालूच करू नका; असं ऑइल इंजिनची बेअरिंग खातं. गाडी टो करून न्या.

उलट, कूलंटच्या टाकीत तपकिरी चिकट साय दिसली, म्हणजे ऑइलच कूलंटमध्ये उतरलं असेल, तर हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर (कूलंटने ऑइल थंड करणारा भाग) तपासून घ्या. काही गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, तो फुटतो आणि खर्च त्या मानाने बराच कमी येतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचं ऑइलही रेडिएटरमधून कूलंटमध्ये उतरू शकतं.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. दुरुस्तीनंतर ऑइल, फिल्टर बदलून कूलंटची लाइन फ्लश करून (आतून धुऊन) घ्या.