मोरीचा पाईप टाकताय? आधी ओढ्याचा तळ बघा

पावसाला अजून थोडा वेळ आहे, ओढ्यात बारीक धार उरलीये, मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला पाईप टाकायचं, काम काढायचं असेल तर हाच टाइम. एकदा पाणी चढलं की चिखलात मशीन घालून नुसता गाळ खाली सोडाल, तो गाळ माशांच्या अंड्यांवर बसतो आणि अंडी गुदमरतात. परवानगी लागते का ते मात्र आधी विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून तीच आधी सांगतो. खोदायचा कंटाळा केला, पाईप तळावर नुसता ठेवला, वर मुरूम ओतला, झाला रस्ता. पावसात पाईपातनं पाणी पिचकारीसारखं सुटायला लागलं, खालच्या तोंडाशी खड्डा पडत गेला आणि दुसऱ्या वर्षी ते तोंड पाण्याच्या दीड वीत वर लटकत होतं. पहिल्या पुराला चढणीचे मासे आले, बोटाएवढाले, धारेवर उड्या मारायचे, पाईपाच्या कडेला आपटायचे की परत खड्ड्यात. अर्धा तास बघत उभा होतो, एक पण वर गेला नाही. अंडी घालायला निघालेला मासा असा खालीच अडकला तर वरच्या ओढ्यात मासा राहणार कुठून?

म्हणून पाईप तळाच्या खाली गाडायचा. गोल पाईप असेल तर निदान पाचवा हिस्सा आत, म्हणजे 1 मीटरच्या पाईपाला 20 सेंमी तरी, जास्त गेला तर चांगलंच, आणि आतमध्ये ओढ्यातलेच गोटे-वाळू पसरायची. खडबडीत तळावर पाण्याचा जोर मोडतो, माशाला दगडाआड दम खाता येतो, गुळगुळीत पाईपात ती सोय नसते. उतार पण ओढ्याचाच ठेवा. लेव्हल घेताना मोरीच्या जागेपुरती घेऊ नका, वर-खाली लांबपर्यंत घ्या, कारण जवळचा एखादा खड्डा नाहीतर साचलेला गाळ हमखास फसवतो.

साईज बघायची ती आजच्या धारेवरून नाही. ओढा काठोकाठ भरून वाहतो तेव्हाची रुंदी काठावर दिसते, उघडी माती संपून झाडोरा सुरू होतो ती रेघ, तिथून तिथपर्यंत दोन-चार ठिकाणी टेप लावा आणि पाईप त्याहून रुंदच घ्या. स्वस्त पडतं म्हणून दोन बारके पाईप शेजारी टाकतात, मला ते अजिबात पटत नाही, मधल्या जागेत ओंडके-काटक्या अडकतात आणि पाणी रस्त्यावरून जातं. ओढा फारच रुंद असेल तर पाईपाचा नाद सोडा, छोटा पूल करा, तळ आहे तसा राहतो.

काम करताना वाळूची पोती लावून पाणी बाजूने काढून द्या, डबक्यात राहिलेले मासे बादलीत धरून खाली सोडा. पंप लावलात तर त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. सिमेंटचं ओलं पाणी, मिक्सर धुतलेलं पाणी ओढ्यात अजिबात नको, माशांचे कल्ले जळतात.

भराव दोन्ही बाजूंनी बरोबरच चढवायचा, 15-20 सेंमीचे थर, प्रत्येक थर धुम्मसने ठोकून, आणि पाईपाच्या कुशीत, म्हणजे खालच्या दोन्ही बगलांत, माती नीट ठासून, नाहीतर पाईप सरकतो किंवा खालून पाणी वाट काढतं. पाईपावर कमीत कमी 30 सेंमी भर पाहिजे, भरलेली ट्रॉली जाणार असेल तर अजून जास्त. दोन्ही तोंडांना मोठे दगड नीट बसवा. रस्त्याकडेच्या चरीतलं गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता थोडं आधीच गवतात वळवा.

पहिला मोठा पाऊस झाला की जाऊन बघा, खालच्या तोंडाशी खड्डा पडतोय का, वर कचरा अडकलाय का. कचरा हाताने काढा, तो अडवायला वरच्या तोंडाला जाळी बसवू नका, जाळीच तुंबते आणि मासा पण तिथंच अडतो.