कंपनीतली गडबड सेबीला कळवताय? मग या चुका टाळा

नाशिकला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कंपन्यांचे प्लांट आहेत, तिथं अकाउंट्सला बसणाऱ्यांना रिझल्ट जाहीर व्हायच्या आधीच आकडे माहीत असतात, आणि साहेबांच्या मेव्हण्याने नेमके तेव्हाच शेअर उचलले हेही कधीकधी कानावर येतं. हे सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, कळवावंसं वाटणं चांगलंच आहे पण बऱ्याच तक्रारी खऱ्या असूनही वाया जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकीचं दार. सेबीचं स्कोअर्स पोर्टल हे तुमच्या स्वतःच्या तक्रारीसाठी, म्हणजे डिव्हिडंड आला नाही, ब्रोकर पैसे देत नाही वगैरे. इनसायडर ट्रेडिंगची, म्हणजे आतली माहिती जाहीर व्हायच्या आधीच तिच्यावर शेअर घेण्या-विकण्याची, खबर द्यायला सेबीने डिसेंबर 2019 पासून वेगळी सोय केलीय, त्याचा व्हॉलंटरी इन्फर्मेशन डिस्क्लोजर फॉर्म असतो आणि तो सेबीच्याच ऑफिस ऑफ इन्फॉर्मंट प्रोटेक्शनकडे (खबर देणाऱ्यांसाठीचं वेगळं ऑफिस) जातो. बक्षीस पण याच वाटेने, वसूल झालेल्या रकमेच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 10 कोटी (2021 च्या आधी हे 1 कोटीच होतं). आणि गावातल्या कुणी 'महिन्याला पाच टक्के' म्हणून ठेवी गोळा केल्या असतील तर सेबीच्या या फॉर्मचा काही उपयोग नाही, पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा गाठा, त्यासाठी राज्याचा 1999 चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा, कायदा आहे.

दुसरं, आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका! माहिती तुमची स्वतःची लागते, पेपरात किंवा ग्रुपवर फिरलेली नाही. ऑफिसच्या मेलवरून तर अजिबात पाठवू नका, तो मेल कंपनीचा आहे.

लिहिताना 'सगळे चोर आहेत' छाप पानभर राग नको. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, आणि तुम्हाला ते कसं कळलं, एवढं बास.

त्याच खबरीवर स्वतः चार शेअर घेऊन ठेवणारेही असतात, काय बोलावं, तेव्हा तुम्हीच इनसायडर ठरता.

नाव उघड व्हायची भीती असेल तर फॉर्म वकिलामार्फत देता येतो, सही केलेली मूळ प्रत त्यांच्याकडे राहते. सीबीएसजवळ कोर्टात वकील ढीगभर मिळतील पण सिक्युरिटीजचं (शेअर बाजाराच्या कायद्याचं) काम केलेला आहे का ते आधी विचारा.