रॅम ट्रकला डबल प्लेट क्लच आणि सॉलिड फ्लायव्हील कसा बसवावा

अमेरिकेत २००५ ते २०१८ या काळातल्या मॅन्युअल गिअरच्या, कमिन्स डिझेल इंजिनवाल्या रॅम २५०० आणि ३५०० ट्रकांत बहुतेक करून जी५६ हा सहा गिअरचा गिअरबॉक्स सापडतो. त्याच्यासोबत कंपनीने दिलेला फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) दोन तुकड्यांचा असतो. मधल्या स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिळतात, म्हणून गाडी मऊ चालते. पण इंजिनाचं ट्यूनिंग करून टॉर्क (फिरवण्याची ताकद) वाढवला आणि मागे जड ट्रेलर जोडला, की या स्प्रिंगा आणि क्लचची एकेरी प्लेट दोन्ही लवकर थकतात.

खर्च करण्याआधी क्लच खरंच घसरतोय का ते बघा. मोकळ्या चढावर सहाव्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. इंजिन मूळ अवस्थेतच असेल तर माझ्या मते सॉलिड, म्हणजे एकाच तुकड्याच्या, फ्लायव्हीलसोबतचा दणकट एकेरी क्लच पुरतो. डबल प्लेट तिथे उगाच. डबलचा खरा फायदा असा, की घर्षणाचे पृष्ठभाग दोनाऐवजी चार होतात. तेवढ्याच दाबात जवळपास दुप्पट टॉर्क पेलतो, त्यामुळे पेडल दगडासारखं जड करावं लागत नाही. त्याची किंमत आवाजात मोजावी लागते: न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट आणि पेडल दाबल्यावर मधल्या प्लेटचा खुळखुळाट. हा बिघाड नव्हे, पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सपाट काँक्रीटवर चाकांना अडण लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ट्रक भक्कम स्टँडवर ठेवा. मग प्रोपेलर शाफ्ट, फोर बाय फोर असेल तर पुढचा शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटणारा डबा), गिअर लिव्हर आणि वायरिंग सोडवा. स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेलहाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाला, बाहेरून लावलेला असतो, तोही बाजूला करा. गिअरबॉक्स फक्त ट्रान्समिशन जॅकवरच उतरवा, खाली झोपून हातांवर घेण्याचं धाडस नको.

जुना फ्लायव्हील निघाला की क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचा) मागचा सील बघा. तिथे तेलाचा ओलावा दिसला तर सील आताच बदला, नाहीतर नवी प्लेट तेल पिऊन घसरेल आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल. नव्या फ्लायव्हीलवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसा, नंतर पृष्ठभागाला बोट लावू नका. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) नवीनच घाला. फ्लायव्हीलचे बोल्ट, किटसोबतच्या कागदात लिहिलेल्या टॉर्कनेच, टॉर्क रेंचने, समोरासमोर आळीपाळीने आवळा.

आता क्रम: पहिली प्लेट, मधली लोखंडी प्लेट, दुसरी प्लेट, मग कव्हर. प्रत्येक प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू ठरलेली असते. उलटी बसली तर क्लच सुटत नाही. जुळवणीच्या खुणा असतील तर त्या एका रेषेत आणा. दोन्ही प्लेटच्या खाचा अलाइनमेंट टूलने जुळवा आणि कव्हरचे बोल्ट थोडे थोडे, फेऱ्या मारत आवळा. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर कव्हर वाकतं. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त दिलेलं ग्रीस फिरताना थेट प्लेटवर उडतं.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका. शाफ्ट अडला तर बोल्टने ओढून बसवू नका. जॅकचा कोन बदला, मागचा फ्लँज थोडा फिरवा. खाचा जुळल्या की बेलहाउसिंग हाताने ढकलूनच इंजिनाला टेकतं. काम इथे अडलं तर चहा प्या, पण घाई करू नका.

डबल प्लेटला सुटायला हायड्रॉलिकचा पूर्ण स्ट्रोक लागतो. मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह सिलिंडर जुने, झिजलेले असतील तर तेल भरून, हवा काढून येणारा दणकट सेट सोबतच घ्या. इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, क्षणभर थांबा, मग रिव्हर्स टाका. करकरलं तर प्लेट अजून ओढतेय, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. आधी हायड्रॉलिक तपासा, लगेच गिअरबॉक्स उतरवू नका.

पहिले सुमारे ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, शहरातच चालवा: भरपूर गिअर बदल, पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, ट्रेलर अजिबात नाही. त्यानंतर त्याच चढावर सहाव्या गिअरची चाचणी पुन्हा घ्या आणि मगच ट्रेलर जोडा.