बाबांच्या मेल लावण्याआधी

बाबा गेल्यावर त्यांच्या मेल लावायला घेतल्या आणि पहिल्या खेपेचं सगळं पुन्हा करावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आधीची तयारी सांगतो.

आधी मेल हातात घ्या. गूगल टेकआउट, म्हणजे गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय, तिथून जीमेलची एमबॉक्स फाइल मिळते. सगळ्या मेल त्या एका फाइलीत येतात. स्पॅम आणि ट्रॅश तिथेच वगळा. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते. फाइलची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका.

मेल लावायला मी ईपॅड (ePADD) वापरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या ईमेलच्या संग्रहांसाठीच बनवलेला हा मोफत प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालतो, म्हणजे घरची पत्रं घरातच राहतात. मेलमधली माणसं, गावं, संस्था तो वेचून काढतो आणि कुणाशी कधी किती पत्रव्यवहार झाला ते आलेखात दाखवतो. सुरुवातीलाच तो मालकाचे पत्ते विचारतो. जुने, बंद पडलेले, सगळे द्या. माझ्याकडून एक राहिला आणि बाबांनी लिहिलेल्या कितीतरी मेल परक्याच्या ठरल्या.

मग अ‍ॅड्रेस बुक. मेलमधल्या नावं-पत्त्यांची ही यादी ईपॅडच बनवतो, तिला अख्खी संध्याकाळ द्या. आमचा काका त्यात तीन ठिकाणी होता: ऑफिसचा पत्ता, घरचा पत्ता आणि देवनागरीतलं नाव. तोवर आलेखात तो कुठे उठून दिसतच नव्हता. तिन्ही एकत्र केले आणि २००९च्या पावसाळ्यात, आजीच्या आजारपणात, एक जाड पट्टा वर आला. जवळजवळ रोज एक मेल. दोघे भाऊ एकमेकांना एवढं लिहीत होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकूचा पत्ता मात्र वेगळाच ठेवला. तीही बाबांना लिहायची.

मराठीसाठी जास्तीचं काम आहे. नावं ओळखणारा भाग इंग्रजीवर बेतलेला आहे, रोमन लिपीतलं मराठी त्याला उमगत नाही. म्हणून ईपॅड ज्या शब्दांवरून मेल शोधतो त्या शब्दसूचीत आपले शब्द स्वतः भरा: लग्न, बारसं, दवाखाना, सातबारा, प्रत्येक दोन-तीन स्पेलिंगांनी. शिवाजी, किरण अशा जुन्या फाँटमधल्या मेल उघडल्या की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या पुसू नका! लेबल लावून बाजूला ठेवा, युनिकोडमध्ये आणता येतात. बँकेच्या आणि जाहिरातींच्या मेलनाही एक लेबल पुरे.

घरातल्यांना दाखवण्याआधी ज्यांची पत्रं आहेत त्यांना विचारा. मी काकाला फोन केला. त्याने दोन पत्रं वगळायला सांगितली, ती वगळली.